नसरीन पडली नाही

मंगळवार संध्याकाळ, मुकुंदवाडी

आज स्टेशनवर नसरीन भेटली, चाळीस वर्षांनी. कॉलेजच्या नाटकात मी अंतराळयानाची कप्तान होते आणि ती परग्रहावरची बाई. तिच्या अब्बांची नाटकाला मनाई होती. तिनं हात वर केला की आम्ही थांबायचं, असं ठरलं होतं. पण भरलेला हॉल बघून आमची अक्कलच गेली. आमच्यातलंच कुणीतरी "मारा!" ओरडलं अन् मी बंदूक झाडली. नसरीन पडलीच नाही. हात वर तसाच ठेवून म्हणाली, "मैं तो पानी मांगने आई थी." मी खरोखर रडले.

आज ती म्हणाली, "अब्बा छुपके आके पीछे बैठे थे. उसके बाद नाटक को कभी मना नै करे."

अन् मी इतकी वर्षं फक्त माझी चूक आठवत होते!