चढावरचा खड्डा

४ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद. मोठी बहीण म्हणून देणं भाग आहे.

गेल्या आठवड्यात नातीचे ओठ निळे पडले. डॉक्टरीणबाईंनी विहिरीचं पाणी तपासायला लावलं. नायट्रेट भरमसाट निघालं; त्याने तान्ह्या बाळाच्या रक्तात प्राणवायू खेळत नाही. सून बिचारी तेच पाणी उकळून उकळून दुधाच्या पावडरीत घालत होती. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट दाट होतं. बाळ दवाखान्यातून घरी आलंय, पण पुन्हा असं झालं तर वाचेलच असं नाही, असं बाई म्हणाल्या.

चढावर तुझी पोल्ट्री, तिच्यामागे कोंबडखताचा उघडा खड्डा, आणि उतारावर माझी विहीर. खड्डा बंद कर.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस नमस्कार.

घरात बशी फुटली तरी खापर माझ्याच माथी, ही तुझी जुनी खोड. तरी पत्र आलं त्याच दिवशी खड्ड्यात दोन बादल्या लाल रंग ओतला, कापड रंगवायचा. तुझ्या विहिरीत उतरला का? सूनबाईंना विचारलं, पाणी नितळ आहे म्हणाल्या. झालं तर मग! तुझ्या भाजीच्या वाफ्यांत युरिया कोण टाकतं, ते आधी बघ. बाळाला जप.

लोभ आहे तेवढा पुरे.

धाकटा

१३ मार्च

चि. धाकट्यास,

माझा जन्म माती तपासण्यात गेला आणि तू मला रंग दाखवतोस! रंग मातीला चिकटून तिथेच बसतो. नायट्रेट कुणाला चिकटत नाही, पाण्याबरोबर सरळ खाली जातं. मीठही तसंच. युरिया मी टाकते, मान्य. पण वाफे विहिरीच्या खालच्या अंगाला आहेत, आणि पाणी चढ चढत नाही.

हिंमत असेल तर खड्ड्यात मिठाची पोती रिकामी कर. विहिरीतलं मीठ मी मोजत राहीन. वाढलं नाही तर तुझ्या दारी येऊन नाक घासेन.

ताई

२ जून

ती. ताईस नमस्कार.

मीठ वाढल्याचं तुझं पत्र मिळालं. तुझ्यावर विश्वास नव्हता, म्हणून मी स्वतः विहिरीची बाटली भरून दुसरीकडे तपासून घेतली. तेही तेच म्हणतात. काल खड्डा उपसला. खत आता पत्र्याखाली, सिमेंटच्या कोब्यावर. खर्च मी केला, तू शेखी मिरव. तुझी भावजय म्हणते, माफी मागा. मी मागत नाही. आता बाळाला विहिरीचं पाणी खुशाल पाजा, आणि मला पत्रं पाठवणं थांबव.

धाकटा

५ जून

चि. धाकट्यास,

खुशाल कसं पाजू? खड्डा रिकामा झाला, खालची माती रिकामी झाली नाही. जे आधीच उतरलंय ते अजून वाटेत आहे. बाळ शाळेत जाईल तोवर ते विहिरीत झिरपतच राहील. त्याला तूही अडवू शकत नाहीस आणि मीही.

नळ तुझ्या दारापर्यंतच आलाय. त्याचं पाणी मी तपासलं, चांगलं आहे. दवाखान्यातून आल्यापासून सून बाळाला कडेवर घेऊन नाक्यावरच्या नळावरून पाणी वाहून आणते, आणि ती तुझ्याच दारावरून जाते. तुला दिसत असेलच.

तुझी माफी मला नको, ती बाळाच्या बाटलीत घालता येत नाही. रोज सकाळी दोन कॅन भरून माझ्या ओट्यावर ठेव. बेल वाजवू नकोस, बोलू नकोस, चहाला थांबू नकोस. रिकामे कॅन बाहेर ठेवलेले असतील.

लोभ नंतर बघू. आधी पाणी आण.

ताई