सुरूचे झाड, भावजींची टाकी आणि माझी धावपट्टी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा धावपट्टी चालवणे आणि रेडिओवर बोलणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर, चष्मा पुसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत जोडला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की फूस लावलेली नाही. दोन्हीचा प्रयत्न माझ्या दिरांनी केला, पण तो जमला नाही, म्हणून तो येथे मोजू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मरायला सवड नव्हती.

१. माझी माणसे. माझे यजमान, ज्यांना मी आयुष्यभर ‘हे’ म्हटले आणि पुढेही तसेच लिहिणार आहे, विमानांचे मिस्त्री आणि पायलट होते. सहा वर्षांपूर्वी ते वारले. आम्हाला मूलबाळ नाही. त्यावर लोकांनी पुष्कळ सल्ले दिले. ते सगळे सल्ले मी या कलमान्वये ज्याचे त्याला परत करते. ह्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे भावजी, गणिताचे निवृत्त शिक्षक, कुंपणापलीकडे राहतात. सोबत माझी जाऊ असते. त्यांची एकुलती एक मुलगी, माझी पुतणी, हॉस्पिटलचे विमान चालवते. तिला विमान ह्यांनी शिकवले आणि उद्धटपणा मी.

२. धावपट्टी. नऊशे मीटर लांबीची दाबलेल्या मातीची धावपट्टी, तिच्या कडेचे पांढरे दगड, पत्र्याचा हँगर, दोन आसनी जुने विमान, रेडिओची खोली आणि खोलीमागची माझी राहती जागा, हे सगळे मी पुतणीला देते. तिने ते विकू नये, भाड्याने देऊ नये आणि वीतभरही आखूड करू नये. बँकेत जे काही असेल ते धावपट्टीवर रोलर फिरवण्यासाठी वापरावे. भावजी म्हणतील, मुलीला दिले म्हणजे शेवटी घरातच आले. नाही, भावजी. मुलीला दिले म्हणजे मुलीला दिले.

३. कराराबाबत. हे कलम लांब आहे. कोणाला घाई असेल त्याने उठून जावे.

सासऱ्यांची जमीन दोन भावांत वाटली गेली तेव्हा धावपट्टी ह्यांच्याकडे आली आणि तिच्या दक्षिण टोकासमोरचा तुकडा भावजींकडे. विमाने त्याच बाजूने खाली उतरत येतात, म्हणून तिथे उंच काही बांधायचे नाही असे ठरले. किती उंच? दोघे भाऊ शेतात उभे राहिले. आमच्या कुंपणाच्या आत, विमानांच्या वाटेपासून बरेच डावीकडे, सुरूचे एक झाड होते, एका मजल्याएवढे. ह्यांनी शिडी लावून त्याच्या शेंड्याला विमानाच्या कंट्रोलची एक तार गुंडाळून गाठ मारली, खाली उतरले आणि लॉगबुकाच्या मागच्या पानावर लिहिले, “सुरूच्या झाडापेक्षा उंच काहीही बांधणार नाही.” दोघांनी सह्या केल्या. मी चहा दिला. एक जण विमान खोलून परत जोडणारा, दुसरा मुलांना गणित शिकवणारा, तिसरी मी, वाऱ्याचा अंदाज सांगणारी. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही की झाड वाढते.

भावजींच्या डोक्यात ते चार वर्षांनी आले. ते दर वर्षी दुपारी एक काठी घेऊन कुंपणाशी उभे राहू लागले. आधी काठीची सावली मोजायची, मग झाडाची, मग वहीत त्रैराशिक मांडायचे. मला वाटले, शाळा सुटल्यावर माणसाला विरंगुळा हवा. मग ते झाडाला पाणी घालू लागले. कुंपणातून नळी आत सोडून! मला कौतुक वाटले. मी त्यांना म्हणालेसुद्धा, “भावजी, किती करता हो!” ते म्हणाले, “वहिनी, आपलंच झाड आहे ते.”

त्या तुकड्यावरच्या त्यांच्या घरावर दुसरा मजला चढला तेव्हा हे चिडले, पण सख्खा भाऊ म्हणून गप्प बसले. हे गेले आणि वर्षाच्या आत तिसरा मजला चढला. त्यावर सिमेंटची पाण्याची टाकी आली. टाकीचे झाकण सुरूच्या शेंड्याच्या एक वीत खाली. हिशेबात चूक नाही, हे मला मान्य करावेच लागते.

मग विमान खात्याचा निरीक्षक आला. त्याने उभे राहून, ओणवे होऊन, दुर्बिणीसारख्या यंत्रातून बराच वेळ टाकी पाहिली. म्हणाला, “बाई, उतरणारं विमान या टाकीच्या फार जवळून जातंय. दक्षिणेकडचे दोनशे मीटर सोडून द्या, पुढे उतरवा.” मी विचारले, टाकी पाडायला कोणी सांगायचे? तो म्हणाला, “पट्टी खाजगी आहे. उंचीचा कायदा मोठ्या विमानतळांना. तुम्ही तुमचा करार बघा.” शिवाय यंदाच्या डिसेंबरअखेर अडथळा हटला नाही तर परवाना नवा होणार नाही, हेही तो आता लेखी कळवून बसला आहे.

मी आणि रस्त्यापलीकडे टायरचे दुकान असलेल्या टायरवाल्याने हातगाडीवर घालून पांढरे दगड दोनशे मीटर आत आणले. उरले सातशे. हॉस्पिटलच्या विमानाला आठशे लागतात. तेव्हापासून ते विमान इथे उतरत नाही. म्हणजे माझी पुतणी रोज स्वतःच्या घरावरून जाते आणि बापाच्या टाकीमुळे तिला घरी उतरता येत नाही. आजारी माणसे चार तासांच्या रस्त्याने जातात. टायरवाल्याची आई अशीच निघाली होती. ती पोहोचली नाही. तो मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

मी कोर्टात गेले. तारेची गाठ दाखवली. भावजींचा वकील म्हणाला, तार कागदावर नाही. न्यायाधीशांनी निकाल दिला की करारात आकडा नाही, झाड आहे. झाड जेवढे उंच तेवढी मर्यादा, मग ते आज असो वा उद्या. भावजींनी कोर्टाच्या पायरीवर फोटो काढून घेतला आणि फ्रेम करून दिवाणखान्यात लावला. माझ्या वकीलबाई मात्र गालातल्या गालात हसत होत्या. जिन्यात माझा दंड धरून म्हणाल्या, “वहिनी, ‘वा उद्या’ ऐकलंत ना? उद्या करवत आणा.”

त्या निकालाला तीन वर्षे झाली. मी करवत आणली नाही. का, ते सातव्या कलमात आहे.

४. हत्यारे. ह्यांचे पाने, हातोड्या आणि भिंगाचा दिवा टायरवाल्याला द्यावा. त्याला विमानातले कळत नाही, पण नट किती आवळायचा आणि कुठे थांबायचे हे त्याच्या हाताला कळते. बारा नंबरचा पाना त्यात सापडणार नाही. तो भावजींनी दुसऱ्या मजल्याच्या वेळी नेला आहे. त्यांनी तो परत करावा.

५. शिवणयंत्र जावेला. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी दर वर्षी उन्हाने विरते. गेली तीन वर्षे तिचे नवे कापड कुंपणावरून कोण टाकत होते, हे मी कोणाला सांगितलेले नाही. आता सांगते. जावेनेच टाकले, नवऱ्याच्या नाकावर टिच्चून, आणि तेही केशरी रंगाचे, लांबून दिसेल असे. जाऊबाई, माझ्यामागे नळी तूच शिव. दोन्ही टोकांना दुहेरी टाका घाल.

६. भावजींना. माझ्याकडून ह्यांची पोलादी टेप. उन्हात उभे राहून त्रैराशिक मांडण्याचे त्यांचे वय आता राहिले नाही.

७. सुरूचे झाड. माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांच्या आत हे झाड तारेच्या गाठीपाशी कापावे. गाठ खोडात रुतली आहे, पण हाताला लागते. झाड वर गेले, गाठ होती तिथेच राहिली. कापल्यानंतर निकालाप्रमाणे भावजींनी टाकी आणि दोन मजले उतरवावेत. वरचे सगळे लाकूड भावजींनाच द्यावे. पाणी त्यांनी घातले, लाकूड त्यांचे.

मी स्वतः ते का कापले नाही ते लिहिते. विमान घेऊन हे परत यायचे तेव्हा सगळ्यात आधी त्यांना हे झाड दिसायचे. रेडिओवर दुसरे काही बोलायचे नाहीत. “सुरू दिसला” एवढेच म्हणायचे. मी चहा टाकायचे. चहा उकळेपर्यंत चाके जमिनीला लागलेली असत. एकतीस वर्षे असेच चालले. हे गेल्यावर पुतणी तसे म्हणू लागली. वरून जाताना रोज म्हणते, “काकू, सुरू दिसला.” तिला उतरता येत नाही, तरी मी चहा टाकते आणि एकटीच पिते. ते झाड गेले तर ते दोन शब्दही जातील, अशी मला भीती वाटली. मला ह्यांची फार आठवण येते. त्यापायी मी तीन वर्षे हटून बसले, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. हे मी केले. भावजींनी नव्हे.

स्थळ: धावपट्टीवरील रेडिओची खोली. तारीख: नऊ मार्च, सोमवार.

पुरवणी, तारीख दहा मार्च, मंगळवार.

काल संध्याकाळी साक्षीदार म्हणून डॉक्टरीणबाई आणि टायरवाला आले. नियम असा की साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. डॉक्टरीणबाईंनी सगळा वाचला. सातव्या कलमापाशी थांबून त्यांनी माझा रक्तदाब परत मोजला.

“वहिनी,” त्या म्हणाल्या, “तुमच्या मृत्यूनंतर आठ दिवस म्हणजे नक्की कधी? तुमचं हृदय माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. तुम्ही आणखी दहा वर्षं हलत नाही.”

“मग?”

“मग परवाना डिसेंबरमध्ये संपतोय ना?”

मी टायरवाल्याकडे पाहिले. तो टेबलाकडे पाहत होता. जन्मभर पायलटांना मिनिटे आणि सेकंद सांगणाऱ्या बाईने स्वतःच्या मृत्युपत्रात तारखेचा एवढा घोळ घातला होता. मी भावजींना काय हसणार!

सह्या करायच्या तशाच राहिल्या. मी टायरवाल्याला म्हटले, “सकाळी करवत घेऊन ये.”

तो म्हणाला, “गाडीतच आहे, वहिनी. तीन वर्षं गाडीतच आहे.”

आज सकाळी सात वाजता त्याने शिडी लावली. आधी फांद्या उतरवल्या, मग शेंडा दोराला बांधून कापला, मग खोड तुकड्यातुकड्याने खाली आणले. शेवटचा काप घ्यायच्या आधी मी शिडी चढले. सगळ्यांनी आरडाओरडा केला. मी गाठीवर बोट ठेवले आणि म्हटले, “इथून. वरही नाही, खालीही नाही.” तार अजून गार लागते. मग मी खाली आले आणि पदराने डोळे पुसले, ते टायरवाल्याने पाहिले नाही असे दाखवले.

भावजी दाढीचा फेस तसाच ठेवून तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आले.

“वहिनी! अहो, काय करताय हे? आपलंच झाड ना ते!”

“आपलंच, भावजी. लाकूड तुमच्याकडे पाठवतेय.”

“तुम्हाला असं करता येणार नाही!”

“आज असो वा उद्या, असं निकालात आहे. फ्रेमच्या शेजारी लावून ठेवा. आणि दुपारी या, सावली मोजायला.”

 आत जावेचा आवाज आला, “अहो, ते तिसऱ्या मजल्यावरचं सामान मी काल रात्रीच बांधून ठेवलंय.” तिला कोणी सांगितले ते मला माहीत नाही. टायरवाल्याने दोर गुंडाळायला सुरुवात केली होती आणि तो खाली बघून हसत होता.

तरी सातवे कलम रद्द समजावे. कारण: काम झाले. सहाव्या कलमातली टेप भावजींना माझ्या मरणाची वाट न पाहता आज दुपारी देण्यात येईल. दुसऱ्या कलमात एक भर घालते. टाकी उतरली की पांढरे दगड मूळ जागी न्यावेत. हातगाडी मी ढकलेन.

साडेदहाला हॉस्पिटलचे विमान वरून गेले. रेडिओ खरखरला. मग पुतणीचा आवाज आला.

“काकू, सुरू दिसत नाहीये.”

मी चहा टाकला आणि बटण दाबले.

“बरोबर आहे,” मी म्हटले. “आता टाकीवर नजर ठेव.”

सही: वहिनी

साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई. बाईंचे डोके ठिकाणावर आहे. रक्तदाब, शिडीवरून उतरल्यानंतर, एकशे तीस.

साक्षीदार दुसरा: टायरवाला. काप तारेच्या गाठीपाशीच घेतला आहे. मोजून पाहावा.

स्थळ: तेच. धावपट्टी चालू आहे.