दोन्ही बाजू पाठ

गुरुवार, दिवेलागणीनंतर

दुपारी कारखान्यात मालकांनी कॉम्प्युटरला नुसतं सांगून चादरीवरचा मोर काढून दाखवला. चहा येईपर्यंत चार नमुने तयार. मला ग्राफच्या कागदावर चौकोन भरत विणायचा नमुना काढायला एका मोराला आठ दिवस लागतात. मालक म्हणाले, "सोमवारपासून येऊ नका, लागलं तर फोन करतो." मी बरं म्हणालो. चहाही प्यालो. राग यायला हवा होता का? आला नाही.

घरी अक्षता भाषण पाठ करत होती. उद्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा, विषय 'कृत्रिम बुद्धिमत्ता: शाप की वरदान'. बाजू ऐन वेळी चिठ्ठी काढून ठरते, म्हणून पोरं दोन्ही पाठ करतात. वेळ तीनच मिनिटं, म्हणून मी घड्याळ समोर ठेवून बसलो. 'शाप'मध्ये ती माझ्याकडे हात करून म्हणाली, "माझ्या वडिलांचे हे हात रिकामे होतील." 'वरदान'मध्ये पुन्हा तसाच हात करून, "माझ्या वडिलांच्या या हातांना विसावा मिळेल." तोच आवाज, तोच हात. दोन्ही खरं वाटलं. की काहीच वाटलं नाही?

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "लई भारी म्हणतीय की." तिलाही अजून सांगितलेलं नाही.

"पप्पा, कंची बाजू खरी वाटली?"

माझे हात मांडीखाली गेले होते, कधी ते कळलं नाही. म्हणालो, "दोन्ही बरोबर तीन मिनिटांत बसल्या."

ती खूश झाली.