आधी जमीन, मग पानं

शन्यांग, २ मार्च १९८४

शौथियन, भावा,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. इथे नळ अजून गोठलेलेच. झाली रीत, आता मुद्द्यावर येते.

तुझी मागची तीन पत्रं समोर मांडून बसले आहे. आई दोन वाडगे शेवया खाते म्हणे! तिने दुसरा वाडगा घेतलेला मी जन्मात पाहिला नाही. तिथेच मनात पाल चुकचुकली.

मग पत्राखालचं अक्षर पाहिलं. आईला तेवढं एकच येतं, 'ज्यू'चं, आपल्या त्या लसणीच्या वासाच्या पातीच्या भाजीचं. जन्मभर तिने तीच भाजी लावली, कापली, विकली. खाली आडवी रेघ ती जमीन, वर दोन दांडे, दोन्हीकडे तीन-तीन पानं. जुन्या लोकांनी वाफा बघूनच ते काढलं असणार, म्हणून तर तिला ते जमलं. पत्र तू लिहायचास, खाली सहीला ती ते काढायची.

आठवतं, शाळेतून आलास की तिला शिकवायचास, "आई, जमिनीची रेघ शेवटी!" ती म्हणायची, "आधी पीक आणि मग माती? तुझ्या मास्तरला एकदा वाफ्यात उभा कर." आणि आधी जमीनच ओढायची. मग पानं खालून वर, उगवल्यासारखी. टोकाशी कुंचल्यातली शाई संपत आलेली.

या तिन्ही पत्रांत पानं वरून खाली आली आहेत. टोकाला जाड, बुडाशी बारीक. मी चारच इयत्ता शिकले, पण डोळे आहेत मला. तू मास्तर झालास, हाताला शिस्त लागली. त्या शिस्तीनेच पकडून दिलं तुला.

तिचा हात थरथरतो म्हणून तू काढलंस? मग तसं लिहायचंस. लपवलंस कशाला? बायकोने सांगितलं, की आईनेच?

की ती… ते मी लिहीत नाही.

"तुझ्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही" असं मीच आईला म्हणाले होते. तीन नववर्षं गेली त्याला. तिने माझ्या नवऱ्याला आळशी म्हटलं, एवढ्यावरून. आहेच तो आळशी. हे तिला सांगायचं राहिलंय.

दहा तारखेच्या सकाळच्या गाडीने येते. उत्तर धाडू नकोस, तुझ्या लिहिण्यावर माझा विश्वास नाही. ती असेल तर स्टेशनावर येऊ नकोस, मी चालत घर गाठीन. नसेल तर डोक्याला पांढरं बांधून फलाटावर उभा राहा. शेजाऱ्यांच्या तोंडून कळायला नको.

तू तिथे दिसू नयेस, एवढंच मागणारी,
तुझी बहीण
क्वेइछिन