अर्जातल्या चार ओळी

नाशिक,
८ डिसेंबर २०२४

ती. नानांस,
स्नेहलचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर आपलं बोलणं ‘जेवली का’च्या पुढे जात नाही, म्हणून कागद घेतला.

काल शिष्यवृत्तीच्या कार्यक्रमातून तुम्ही मधेच निघून गेलात. नंतर फोनवर म्हणालात, एसटी चुकली असती. माझं नाव पुकारल्यावर सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माझा अर्जच वाचून दाखवला. अमोलदादा शेततळ्यात बुडून गेला, वडील, म्हणजे तुम्ही, चार महिने खाटेवरून उठले नाहीत, कांद्याची लागण मी आणि आईने केली. हे सगळ्यांसमोर वाचतील असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ‘घरची परिस्थिती लिहा’ एवढंच फॉर्मवर होतं. दोन वर्षांत आपल्या घरात जे कुणी बोललं नाही, ते मी परक्यांना लिहून दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं नाही, लाजही वाटली नाही. खाली आले तर तुमची खुर्ची रिकामी.

तुम्ही म्हणाल तर शिष्यवृत्ती नको म्हणून कळवते आणि कॉलेज सोडून घरी येते.

राग असला तरी माया आटू देऊ नका.

तुमची
स्नेहल


मु. पो. देवळा,
१३ डिसेंबर

चि. स्नेहल हिस,
भिमाजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आई बरी हाय. म्हैस व्याली, पारडी झाली. रोप लागणीला आलंय.

मला राग नाय. तू खोटं काय लिहिलं नाय. पण एक गोष्ट तुला ठाऊक नव्हती. अमोल आपल्या मनानं तळ्यात उतरला, असं तुम्ही धरून चालता. तसं नाय. मोटरीचा पाईप गाळात अडकला होता. तो म्हणत होता, तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकवर शेवाळ लय हाय, पाय ठरत नाय, घरून दोर आणतो. मी म्हणालो, तोवर लाईट जाईल, उतर. मी काठावरच होतो. मला पोहता येत नाय.

चार महिने मी दुःखानं पडून होतो असं नाय. उठलो असतो तर कुणीतरी विचारलं असतं, कसं झालं.

शिष्यवृत्ती सोडायची नाय. आईला यातलं काही माहीत नाय.

थंडी वाढलीय, स्वेटर घालत जा. लोभ तुझ्या मनाला वाटेल तेवढा ठेव.

भिमाजी


नाशिक,
१७ डिसेंबर

ती. नानांस,
सा. न.

पत्र मेसमध्ये वाचलं. मग प्रॅक्टिकलला गेले. रीडिंग बरोबर आलं. संध्याकाळपर्यंत मनात काही उमटलंच नाही.

तुमची चूक नव्हती, असं लिहायला बसले आणि दोनदा खोडलं. ते मला अजून म्हणता येत नाही.

शिष्यवृत्ती ठेवते. पण आई अजून दादावर चिडते. भाकरी थापताना म्हणते, पोरानं कुणाला न विचारता कशाला उतरावं. तिला तुम्हीच सांगा.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते. तुम्ही बोलाल तेव्हा मी तुमच्याशेजारी बसेन.

आहे तशी तुमची,
स्नेहल