डावीकडचा तंबू

१८ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोन असताना पत्र कशाला म्हणशील, तर आमचं घर दोन खोल्यांचं आणि मध्ये नुसता पडदा. फोनवर बोललेलं ह्यांना सगळं ऐकू जातं, आणि मला बोलायचंय ते त्यांच्याबद्दलच. शिवाय तुझा आवाज ऐकला की मला रडू येतं, आणि मी रडले की हे आतून विचारतात, आता कोण गेलं.

ह्यांचं म्हणशील तर रोज सकाळी गल्लीत चाळीस पावलं चालतात. काल बेचाळीस झाली, तर मला हातातलं काम टाकून बघायला बोलावलं. डॉक्टरांनी सांगितलंय की हृदय तिसऱ्या हिश्श्यावर चाललंय, आता पायमशीन चालवायचं नाही. म्हणून हे कापड बेततात आणि मी शिवते. माझी शिवण पाहून विचारतात, ही शिलाई आहे की कापडावरून साप गेलाय.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. अटॅक आला त्या दिवशी सकाळी सात वाजता हे म्हणाले होते की डावा हात दुखतोय. तुझ्या वॉर्डासाठी तीनशे मास्क शिवत होते, आठ दिवस मान वर केली नव्हती. मी म्हटलं, दुखणारच. बाम चोळला. नंतर म्हणाले, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, पोटात काही नाही म्हणून. पुन्हा चोळला. त्यांना घाम येत होता आणि मी पंखा मोठा केला. ठकू, मला दुखणं दिसत नव्हतं असं नाही. मला हॉस्पिटल जास्त दिसत होतं. समोरच्या रंगाऱ्याला चालत नेलं आणि पिशवीत बांधून आणलं, ते आम्ही खिडकीतून पाहिलं होतं. बारा वाजता अॅम्ब्युलन्सला फोन केला तर ते म्हणाले, दीड तास लागेल, सगळ्या गाड्या तापाच्या रुग्णांमागे आहेत. शेवटी दूधवाल्यानं आपल्या टेम्पोतून सोडलं. गेटवर मला अडवलं, हे एकटेच आत गेले.

पाच तास मी बाम चोळत बसले. आता येणारा जाणारा म्हणतो, बायको खमकी म्हणून माणूस वाचला. मी मान खाली घालते, त्यांना वाटतं मी लाजते.

तू नर्स आहेस. मला खरं सांग, सातला आणलं असतं तर काही वेगळं झालं असतं का? तू वरच्या मजल्यावर होतीस तरी कळल्याबरोबर धावत खाली आलीस, म्हणून निदान हे हाती लागले. हे उपकार मी विसरणार नाही.

तुझ्या लेकीला गोड पापा. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझी
ताई


२ जुलै

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. भाऊजींना सांग, बेचाळीस पावलांबद्दल अभिनंदन, पण शर्यतीत उतरायची घाई नको. आणि तुझ्या शिलाईला नावं ठेवतात म्हणजे प्रकृती सुधारतेय. ते गोड बोलायला लागले की मला कळव.

तू स्वतःला इतकं लावून घेऊ नकोस. त्या दोन महिन्यांत असं करणारी तू एकटी नव्हतीस. एरवी आमच्याकडे छातीत दुखणारी माणसं रोज येतात, त्या वेळी येईनाशीच झाली. रक्तवाहिनी उघडायची ती वरची खोली, तिथलं टेबल दिवसचे दिवस रिकामं असायचं. मोठे डॉक्टर थट्टेनं म्हणायचे की हार्ट अटॅकसुद्धा संचारबंदी पाळतायत. मग एकेक येऊ लागले. कुणी दोन दिवस अंगावर काढून, कुणी तीन. मग कुणी थट्टा केली नाही.

तू विचारतेस त्याचं उत्तर असं मोजूनमापून देता येत नाही. प्रत्येकाचं हृदय वेगळं असतं.

मागच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या अंगणात आम्हा सगळ्यांना फुलं दिली, टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. मी मागच्या रांगेत उभी राहिले. फोटोत माझी नुसती टोपी दिसते, तो मी तुला पाठवणार नाही.

एक मागते. माझे उपकार वगैरे पुन्हा लिहू नकोस, आणि चारचौघांत माझं कौतुक तर मुळीच करू नकोस. मनापासून सांगते.

लेक बरी आहे. तिला अजून आठवडाभर माझ्यापासून लांब, आजीकडे ठेवलंय. भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी
ठकू


२० जुलै

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, उत्तर मात्र आलं नाही. असो.

पत्र मी मशीनच्या ड्रॉवरमध्ये लपवलं होतं. शिंप्याच्या घरात शिंप्यापासून लपवायची ही जागा! रिळं शोधताना ह्यांच्या हाती लागलं. सगळं वाचलं, मी तुला काय लिहिलं होतं तेही माझ्याकडून वदवून घेतलं आणि हसत सुटले. म्हणाले, बाम मीच मागत होतो, तू काय जबरदस्तीनं चोळलास का, हॉस्पिटलला मीसुद्धा तुझ्याएवढाच भीत होतो. आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी गेटवरची हकिगत सांगितली.

ठकू, ह्यांना आत घेतल्यावर पावणेतीन तास तापाच्या तंबूत बसवून ठेवलं होतं, हे तुला माहीत होतं का? मला वाटत होतं, आत गेले म्हणजे कुणाच्या तरी हातात गेले. मी रस्त्यापलीकडे झाडाखाली उभी राहून देवाचे आभार मानत होते, आणि हे आत प्लास्टिकच्या खुर्चीवर खोकणाऱ्यांच्या रांगेत! गेटवरच्या कुणा नर्सनं पेननं खूण करून तिकडे धाडलं म्हणे. ह्यांना तिची दया येते. मला येत नाही. त्या बाईचं नाव मला शोधून दे. मी भांडायला येणार नाही, पण तिनं माझ्याकडे बघून सांगावं की का.

खाली हे लिहितायत.

मेहुणीबाई, तुमच्या बहिणीचं मनावर घेऊ नका. ती पोर फार भ्यालेली होती. पांढरा झगा, तोंडावर मास्क, डोळ्यांवर मोठा चष्मा, वय कळत नव्हतं. मी तिला म्हटलं, छातीत फार दुखतंय हो सिस्टर, माझी मेहुणी इथंच कामाला आहे. तिनं नुसतं पेननं डावीकडे दाखवलं. मी सांगायला जरा पुढे वाकलो तर एक पाऊल मागे सरली. मीच माफी मागितली. सापडली तर तिला सांगा, माणूस जिवंत आहे आणि बेचाळीसवरून साठ पावलांवर गेलाय. नाहीतर बिचारी उगाच जिवाला लावून घ्यायची.

ठकू, पुन्हा मीच. उत्तर लवकर दे. लोभ असावा.

तुझी
ताई


२४ जुलै

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

ती मी होते.

दोन दिवस ह्याच्यापुढे दुसरं वाक्य सुचत नव्हतं. आता जे जसं झालं तसं लिहिते.

मी वरच्या मजल्यावर नव्हते. त्या आठवड्यात माझी पाळी गेटजवळच्या टेबलावर होती. टेबलापुढे दोन तंबू होते. उजवीकडे अपघात, पोट, हृदय. डावीकडे ताप आणि दम. कागदावर तक्रार लिहायची, आणि जी पहिली लिहाल तिच्यावर तंबू ठरायचा. उजवीकडे गेलेल्या माणसाचा दहा मिनिटांत हृदयाचा आलेख निघायचा. डावीकडे आधी नाकातला नमुना, मग वाट बघणं.

टेम्पोतून उतरताना मी भाऊजींना ओळखलं. शर्टाची बटणं एक घर चुकून लावली होती. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांची काजंबटणं केली त्याची बटणं चुकली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. आणि कळलंही होतं. चेहऱ्याचा तो राखाडी रंग आणि तसा गार घाम मी बारा वर्षं बघत आलेय.

ते आधी छातीचं बोलले. दम लागलाय हे नंतर. मी कागदावर दम पहिला लिहिला आणि छाती त्याच्याखाली. ताप पाहिला तर उन्हातून आलेल्या कुणालाही दाखवेल इतकाच होता. तोही लिहिला.

का, ते सांगते. त्याच टेबलावर माझ्या शेजारी बसणारी, माझ्या डब्यात जेवणारी नर्स तीन दिवसांपूर्वी व्हेंटिलेटरवर गेली होती. मला दम लागणाऱ्या प्रत्येक माणसाची भीती वाटत होती. भाऊजींनी मला ओळखलं नव्हतं. मी ओळख दिली असती तर त्यांचा हात धरावा लागला असता, चाकांच्या खुर्चीवर बसवून ढकलत आत न्यावं लागलं असतं, अंगाला अंग लागलं असतं. मी पेननं डावीकडे दाखवलं. ते मला माफ करा म्हणाले.

पावणेतीन तास मी त्या टेबलावरच होते. तंबू तिथून दिसत होता. दोनदा उठले आणि दोनदा बसले. शेवटी राउंडला आलेल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना पाहिलं आणि त्या ओरडल्या. तेव्हा मी धावले. धावले एवढंच खरं आहे.

तू विचारलं होतंस ते टाळलं, आज टाळत नाही. हो ताई, सातला आणलं असतं तर फरक पडला असता. पण मी उजवीकडे दाखवलं असतं तरी पडला असता. आणि बामनं काय होतं नि काय होत नाही हे तुला शिकवलेलं नव्हतं. मला शिकवलेलं होतं.

तुला नाव हवं होतं. लोभाचं काही मागत नाही.

ठकू


१९ ऑगस्ट

चि. ठकूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. तू फोन केलास, मी उचलला नाही. ह्यांना म्हटलं, रेंज नाही. तर म्हणाले, मग माझ्या फोनला कशी आहे. ह्या माणसाशी खोटं बोलायचं तर अभ्यास करून बोलावं लागतं.

तू खरं लिहिलंस, तर मीही लिहिते. पत्र वाचून मला आधी राग आला नाही. आधी हलकं वाटलं. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून वाचलं, आणि वाटलं की हातातली जड पिशवी कुणीतरी दुसऱ्या बाजूनं धरली. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी झोपले. सकाळी हे गल्लीत पावलं मोजत होते, मध्येच भिंतीला हात लावून थांबले, आणि मला माझीच लाज वाटली. दुखणं त्या माणसाचं, आणि त्याची वाटणी झाली म्हणून मी सुखानं झोपले!

राग नंतर आला. तू भ्यालीस ह्याचा नाही. मीही भ्याले होते, आणि मला तर झगा नि चष्मा घालून रोज तिथं उभं राहायचं नव्हतं. राग ह्याचा की दोन महिने तू मला एकटीला बाम चोळू दिलास. मी तुझे उपकार लिहिले, आणि तू लिहिलंस की प्रत्येकाचं हृदय वेगळं असतं.

तुझं पत्र ह्यांना दाखवलं नाही. ड्रॉवरमध्येही ठेवलं नाही, जवळच बाळगते. मी त्यांना काही सांगणार नाही. ते काम तुझं आहे.

पुढच्या महिन्यात नऊ तारखेला तुमच्या हॉस्पिटलात ह्यांची तपासणी आहे, सकाळी दहाला. आधीच येऊन बाकावर बस. त्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून. तिथं सांग. मी असेन, पण तुझ्याऐवजी बोलणार नाही, आणि तू रडायला लागलीस तर मध्ये पडणार नाही. ते काय म्हणतील मला माहीत नाही. बहुतेक थट्टा करतील. तीच तुला सगळ्यात जड जाईल.

लेकीला घरी आणलंस का ते कळव. तिला पापा.

लोभ आहे. तो वाढावा असं आज लिहवत नाही. पण आहे.

ताई