शेवटच्या रिळानंतरचं मध्यंतर

धामणगाव रेल्वे,
शुक्रवार, २२ एप्रिल १९६६

अकोल्याच्या जुन्या शहराचे भूषण, नगरपालिकेच्या नाक्याचे आधारस्तंभ आणि आमचे एकुलते एक मेहुणे श्री. पुंजाजीबुवा यांस शालिकरामाचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सारे खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवावं. (कळवावं म्हणतो खरा, पण सात वर्षांत तुमचं एक कार्ड नाही आणि माझं अर्धं नाही. गुडघा दुखतो हे बडनेऱ्याच्या फलाटावर भेटलेल्या एका गृहस्थाने सांगितलं, आणि उजवा की डावा ते त्यालाही माहीत नव्हतं.) विशेष असं की तुमची भाची सत्यवती हिचं लग्न ठरलं. मुलगा अचलपूरकडचा, शाळामास्तर, बोलतो कमी. तारीख १५ मे, रविवार.

आता माझी अडचण ऐका. जुन्या रीतीत मामाशिवाय पोरगी उभी राहत नव्हती. मामा रुसला तर वऱ्हाड खोळंबे, मग चार माणसं पागोटं घेऊन त्याला मनवायला जात, तोही जरा भाव खाऊन येई. आपण छप्पन साली दीक्षा घेतली आणि लग्न सुटसुटीत झालं: पांढरं लुगडं, दोन हार, त्रिशरण-पंचशील, आणि चला जेवायला. त्यात मामाला काही कामच नाही! म्हणजे तुम्हाला बोलवायला माझ्याकडे सबबच उरली नाही. तुम्ही यावं म्हणून यावं, एवढंच म्हणता येतं, आणि ते म्हणणं फार जड जातं हो.

त्यात तुम्हा बहीण-भावाचं हे असं. भागीरथा म्हणते, आई अत्यवस्थ असल्याची तार तुम्ही उशिरा केली, म्हणून तिला आईचं तोंड दिसलं नाही. तुम्ही म्हणता, सकाळीच केली. सासूबाई तर गेल्याच, आणि तुमचं दोघांचं बोलणंही सोबत घेऊन गेल्या. मी मधला माणूस. मधल्या माणसाने काय सांगावं? म्हणून सिनेमाचं सांगतो.

आमची फिरती टॉकीज सध्या इथेच, कापसाच्या जिनामागे उभी आहे. मशीन एकच. रीळ संपलं की दिवे लागतात आणि दुसरं चढेपर्यंत मी भोंग्यावर बोलतो: मागे काय झालं, पुढे काय होणार, आणि कृपा करून कनातीला बैल बांधू नका. मालक केशवरावांनी अमरावतीहून या खेपेस जे डबे आणले त्यांच्या पोस्टरवर अकरा मुंडकी होती. एका तिकिटात अकरा नट, म्हणून स्वारी खुश. पण सिनेमाची महत्त्वाकांक्षा एवढी की एकात पाच सिनेमे! पाच घरं, कोणाचा कोणाशी संबंध नाही. फक्त सगळी एकाच स्टेशनावरून येतात-जातात, आणि एकाने केलेलं दुसऱ्याच्या घरी निस्तरावं लागतं. ज्याला त्याला पश्चात्ताप. हसणारं माणूस एकच, तेही पहिल्या रिळात मरतं.

सोमवारी पहिल्या रिळानंतरच पब्लिक कावलं. "हा कोन होय? मंगाचा होय का दुसरा होय?" दोघांचे कोट सारखे, दोघींची लुगडी पांढरी. मलाच कळेना तर त्यांना काय सांगू? मग मला सुचलं. (मला काही सुचलं की तुम्ही कपाळाला हात लावायचे, आठवतं.) मी म्हटलं, मंडळी, हा कोटवाला म्हणजे आपला जिनात कापूस तोलणारा काटेवाला देवमन समजा. ही रडणारी म्हणजे भाजीबाजारातली मैनाबाई समजा. पब्लिकच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण पुढच्या रिळात काय आहे हे मी तरी कुठे पाहिलं होतं! तिसऱ्या रिळात कोटवाला बायको सोडून एका नाचणारीबरोबर पळाला. दिवे लागले तशी बायकांच्या बाजूने देवमनची पार्बताबाई पदर खोचून उठली आणि थेट पुरुषांत आली. देवमन फुटाणे खात होता. "अवं, म्या काय केलं? मी तं अठीच बसून राह्यलो!" ती म्हणाली, "आज बसले. पन तोंड पाहा कसं केलं!" त्याला घरी जेवण मिळालं नाही म्हणतात.

मैनाबाईचं मात्र उलट झालं. सिनेमातल्या तिने गरिबीपायी पोटचं लेकरू दुसऱ्याला देऊन टाकलं, आणि आख्खा तंबू रडला. दुसऱ्या दिवशी बाजारात तिच्याकडच्या वांग्यांना कोणी भाव केला नाही, उलट दोन जणींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. (तिला सात लेकरं आहेत आणि सातही घरीच आहेत.) ती दुपारी मला गाठून म्हणाली, "शालिकभाऊ, आज बी मलेच ठेवजा." मग काय, रांगच लागली. ज्याला त्याला सिनेमात जागा पाहिजे, आणि चांगल्या माणसाची पाहिजे. मी म्हणे, बाबांनो, यात चांगलं माणूस नाही. सगळे चुकलेले आहेत.

पाचवा एक चष्मेवाला होता. त्याचं पाप असं मोठं नाही. त्याला भावाला फक्त एक वाक्य सांगायचं असतं. दर वेळी तो स्टेशनावर येतो, चहा पितो आणि न सांगताच परत जातो. वीस वर्षं! त्याला मी नाव दिलं नव्हतं. मंगळवारी लोक विचारायला लागले तेव्हा मैनाबाई तिकडून ओरडली, "आपलं सोताचं दे न बापा! आमचे तं सारे दिले!" सगळे हसले. मीही हसून म्हटलं, बरं, हा शालिकराम समजा.

शेवटच्या रिळात हा गडी एकदाचा धावत फलाटावर येतो, आणि गाडी निघून गेलेली असते. तोंड उघडं ठेवून तो रुळांकडे पाहत राहतो. दिवे लागले. भोंगा माझ्या हातात. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "सांग न शालिक, काय सांगाचं होतं?" पुंजाजी, सतरा वर्षं मी त्या भोंग्यावर तोंड चालवतो आहे. त्या दिवशी भोंगा तोंडाशी नेला आणि खाली घेतला. शेवटी म्हणालो, मध्यंतर! सिनेमा संपलेला आणि मी मध्यंतर सांगितलं. लोक पंधरा मिनिटं बसून राहिले. मग केशवरावांनी दिव्यांचं इंजन बंद केलं आणि मला जे बोलायचं ते बोलले.

असो. तात्पर्य, तुम्ही दोघांनी मन मोठं करावं, झालं गेलं विसरावं, आणि तुम्ही वयाने धाकटे म्हणून आधी तुम्हीच दोन शब्द बोलावे, असं या मधल्या माणसाला वाटतं. मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला तीळतेल लावावं.

आपला,
शालिकराम

ता. क. वरचं तात्पर्य खोडून टाका. तार तुम्ही सकाळीच केली होती. मला दुपारी एक वाजता मिळाली. त्या संध्याकाळी त्या वर्षीचा इथला पहिला खेळ होता, भोंग्यावर दुसरं कोणी नव्हतं. आणि त्याआधी दोनदा अशीच तार आली तेव्हा आम्ही धावत आलो तर सासूबाई उठून पिठलं खात होत्या. म्हटलं, उद्या जाऊ. तार खिशात ठेवली आणि सकाळी आत्ताच आली म्हणून भागीरथेला वाचून दाखवली. तिला वाचता येत नाही, हे माझ्या पथ्यावर पडलं. सासूबाई त्याच रात्री गेल्या. दुपारच्या पॅसिंजरने निघालो असतो तर ती दिवेलागणीला आईजवळ असती. सात वर्षं तिने तुम्हाला दोष दिला आणि मी शेजारी बसून मान हलवली. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, मला नेमका खोकला येतो. लग्नात पोरीसमोर खोकायचं नाही, असं ठरवलं आहे. चूक माझी आहे, पुंजाजी. मला लाज वाटते.

ता. क. दुसरा. भागीरथा म्हणाली, भावाले काय लिहिलं ते वाचून दाखवा. मी पहिला ता. क. सोडून सगळं वाचलं.

ता. क. तिसरा. आत्ता तोही वाचला. ती रडली नाही, ओरडली नाही. चुलीतलं लाकूड ओढून विझवलं. मग ट्रंकेतून लुगडं काढलं. पत्र पोस्टात टाकून येतो म्हणून मी उठलो तर म्हणाली, "आना इकडे. तुमच्या खिशातला कागद मी आता तुमच्या भरोशावर नाई सोडत." तेव्हा हे पत्र तीच घेऊन येते आहे, उद्याच्या पहिल्या गाडीने. एकटीच. तुम्ही ते तिच्यासमोर मोठ्याने वाचावं, अशी तिची आज्ञा आहे. मी जे वाचलं तेच यात आहे का, हे तिला पाहायचं आहे. एकही शब्द गाळू नका.

तिला चार दिवस ठेवून घ्या, आईच्या गोष्टी करा. १५ मेच्या आत सोबत घेऊन या. नाही आलात तरी राग नाही, असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. या.